‘मोठे डॉक्टर कधी येणार?’ हे विचारण्याआधी

मी सरकारी मेडिकल कॉलेजच्या मेडिसिन वॉर्डातून इन्चार्ज सिस्टर म्हणून निवृत्त झाले. तरी गावाकडून फोन येतातच, आणि तक्रार ठरलेली असते: “सिस्टर, इथं नुसती शिकणारी पोरं हायेत, मोठा डॉक्टर एक बी नाही.” छत्रपती संभाजीनगरचं घाटी असो, अंबाजोगाईचं स्वाराती असो की नांदेडचं विष्णुपुरी, कॉलेजच्या दवाखान्यात चोवीस तास तुमच्याजवळ असणार ती ही ‘पोरं’च. तेव्हा त्यांच्याकडून काम कसं करून घ्यायचं ते सांगते.

आधी माणसं ओळखा. तीन-चार जणांचा घोळका, हातात वही, आणि सकाळी विचारलेलंच पुन्हा विचारतात, ते एमबीबीएसचे विद्यार्थी. ते औषध लिहीत नाहीत. पेशंट थकलेला असेल तर “आत्ता नको बाळा” म्हणायची मुभा तुम्हाला आहे. पण जमत असेल तर बोलू द्या. म्हाताऱ्या माणसाला दहा वर्षांपूर्वीचा टीबी दुसऱ्यांदा विचारल्यावरच आठवतो, हे मी कितीदा तरी पाहिलंय.

रक्त काढणारे, ड्रेसिंग करणारे बहुतेक इंटर्न. त्यांचा साडेचार वर्षांचा अभ्यास झालेला असतो, वरचं एक वर्ष चालू असतं. केसपेपरवर लिहिणारा आणि रात्री हाक मारली की येणारा तो जेआर, म्हणजे निवासी डॉक्टर. तो एमबीबीएस पास, वैद्यकीय परिषदेत नोंदणी झालेला डॉक्टर असतो. शिकतोय ते पुढचं, एमडी किंवा एमएस, तीन वर्षांचं. ‘शिकाऊ’ म्हणून त्याला गाडीच्या एल बोर्डाच्या रांगेत बसवू नका. त्याच्या वर एसआर म्हणजे वरिष्ठ निवासी डॉक्टर, मग लेक्चरर आणि युनिटचे, म्हणजे डॉक्टरांच्या त्या तुकडीचे, हेड.

आणि हो, जेआर मुलगी असेल तर तिला सिस्टर म्हणू नका. मला त्या हाकेचा अभिमान आहे, पण घोटाळा वेगळाच होतो. ती बिचारी तपासून, औषध लिहून जाते आणि नातेवाईक संध्याकाळी सांगतात, “सकाळपासून डॉक्टर फिरकलाच नाही.”

वरिष्ठ गाठायचे तर सकाळचा राउंड धरा. त्या वेळी पेशंटजवळ एकच माणूस थांबवा, तोही सगळं माहीत असलेला. मुंबईहून फोनवर बोलणारा भाऊजी नको. जुने कागद, चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून हाताशी ठेवा. प्रश्न दोन-तीनच, राउंड पुढच्या खाटेकडे सरकायच्या आत विचारा. रात्री काही वाटलं तर जेआरला एवढंच म्हणा: “सरांना कळवलंय का? काय म्हणाले?” तो बहुधा आधीच बोललेला असतो. ईसीजीचा फोटो सरांना पाठवतो तेव्हा तुम्हाला वाटतं पोरगं मोबाईल खेळतंय.

मोबाईलवरून आठवलं. साप चावलेला पेशंट आला की जेआर रक्त काढतो, कोरड्या काचेच्या नळीत घालतो आणि टेबलावर ठेवून देतो. मग मोबाईलवर घड्याळ लावून बसतो. नातेवाईक खवळतात, “माणूस मरायलाय अन् हे बघा, बसलंय!” अहो, ती तपासणीच वीस मिनिटांची आहे. नळी हलवायचीच नसते. वीस मिनिटांनी तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नाही तर विषानं रक्तावर परिणाम केलाय, सर्पविषाची लस लावावी लागणार. गोठलं तरी ठरावीक वेळानं पुन्हा पुन्हा बघतात. तेवढ्या वेळात जेआरला तिथून हलवलंत, त्याच्याशी भांडलात, तर नुकसान तुमच्याच पेशंटचं. तुम्ही फक्त साप कधी चावला ती वेळ नीट सांगा. मांत्रिकाकडे जाऊन आला असाल तर तेही लपवू नका, तिथं गेलेला वेळ त्याला मोजावा लागतो.

दुसरं, कापसाच्या फवारणीच्या दिवसांतलं. औषध अंगावर उडालं, पोटात गेलं, तर भिजलेले कपडे लगेच काढा आणि औषधाचा डबा सोबत आणा. ‘पांढरं पाणी, उग्र वास’ एवढ्यावर कुणाला काही कळत नाही. अशा बऱ्याच पेशंटना ॲट्रोपिन, म्हणजे त्या विषावरचं इंजेक्शन, देतात. जेआर दर पाच-दहा मिनिटांनी छातीला स्टेथो लावतो, छातीतलं पाणी सुकेपर्यंत डोस वाढवत नेतो. कधी पेशंट बडबडतो, चादर ओढतो, हात बांधावे लागतात. “शिकाऊ डॉक्टरनं आमचा माणूस येडा केला” म्हणून इथंच बोंब होते. ते ॲट्रोपिनचं भ्रमिष्टपण आहे, डोस कमी केला की उतरतं. तोंड कोरडं पडून तो पाणी मागेल, डॉक्टरनं सांगितल्याशिवाय देऊ नका, फुप्फुसात जाईल.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस बसून बोलायला लागतो आणि घरचे सही करून न्यायला निघतात. हा डाव भलताच अंगाशी येतो. साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसात मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडू शकतात. म्हणून जेआर येता-जाता म्हणतो, “काका, उशीवरून डोकं उचला.” खुळा चाळा वाटतो तो. मान उचलता येईना झाली की व्हेंटिलेटरची तयारी करायची, एवढं त्या डोकं उचलण्यात असतं.

सलाईन मागू नका. लागलं तर लावतात.

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही करण्याआधी सरळ विचारा: “कोण करणार, आणि सोबत सिनिअर कोण?” हा तुमचा हक्क आहे, यात भांडण नाही. जेआर सिनिअरच्या देखरेखीखाली करतो, यात लपवण्यासारखं काही नसतं.

तो खुर्चीत झोपलेला दिसला तर फोटो काढू नका. केंद्राच्या १९९२च्या निवासी योजनेत सलग बारा तासांहून जास्त ड्युटी साधारणपणे देऊ नये असं लिहिलंय. वॉर्डात मात्र इमर्जन्सीच्या दिवशी आलेलं पोरगं दुसऱ्या संध्याकाळीही तिथंच मी पाहिलंय. यात चूक त्याची नाही. खरंच हयगय वाटली तर पायरीनं जा: एसआर, मग युनिट हेड, मग अधीक्षकांकडे लेखी. अंगावर हात टाकलात तर २०१०चा राज्याचा कायदा आहे, अजामीनपात्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि पेशंट मधल्या मधे राहतो.

महात्मा फुले योजनेचे कागद जेआरच्या मागे लागून होत नाहीत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन आरोग्यमित्राच्या टेबलावर जा.

सुट्टी झाल्यावर गोळ्या कधी, कशा, ते दुपारी जेआर जरा मोकळा असताना विचारून घ्या आणि फेरतपासणीचा वार बघा. प्रत्येक युनिटची ओपीडी ठरलेल्या वारी असते. कार्डावर गुरुवार लिहिलाय तर गुरुवारीच जा. सोमवारी बाजाराला आलोच आहोत म्हणून डोकावलात तर दुसरं युनिट, दुसरा जेआर आणि सगळी कहाणी पहिल्यापासून.