चाळीचं वेबपान आणि चिकटलेले प्रत्यय

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गणपतीचं कार्यक्रमपत्रक यंदा वेबवर टाकायचं ठरलं. मी मुद्रितशोधक, म्हणून काम माझ्याच गळ्यात पडलं. प्रुफाच्या समासात लाल पेनाने खुणा करण्यात माझी हयात गेली. मार्कडाउन त्याच जातीचं निघालं. साधा मजकूर लिहायचा आणि त्यातच खुणा करायच्या. `#` म्हणजे मथळा, दोन्हीकडे `**` म्हणजे ठळक. जॉन ग्रुबरने हे २००४ साली काढलं.

मी मार्कडाउन-इट वापरते, म्हणजे या खुणा वाचून वेबपानाचा मजकूर तयार करणारा प्रोग्राम. आधी नोड (संगणकावर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) घाला, मग त्याच्यासोबत येणाऱ्या एनपीएम या साधनाने मार्कडाउन-इट आणि त्याचं 'कंटेनर' प्लगिन, म्हणजे जोडपुरवणी, उतरवून घ्या. मजकुराचं एचटीएमएल, म्हणजे ब्राउझरला कळणारं रूप, मार्कडाउन-इट करून देतं. पानाचा सांगाडा आणि सीएसएस, म्हणजे रंगरूपाचे नियम, आपण जोडायचं. पत्त्याच्या ओळी एकाखाली एक हव्या असतील तर 'ब्रेक्स' हा पर्याय चालू करा.

खरा त्रास पुढेच आहे, आणि तो मराठीचा.

मी `१. आरती`, खाली `२. महाप्रसाद` असं लिहिलं. यादी झालीच नाही, सगळं एका ओळीत सलग आलं. यादीसाठी त्याला इंग्रजी आकडेच कळतात. तेव्हा `1.` असंच लिहा आणि सीएसएसमध्ये यादीच्या क्रमांकाचा प्रकार 'देवनागरी' ठेवा. ब्राउझर आपणहून १, २ दाखवतो.

दुसरी गोम प्रत्ययांची. आपले ला, ची, ने शब्दाला चिकटून येतात. दोन अंडरस्कोरांनीही ठळक करता येतं, पण `__गणपती__ला` ठळक होत नाही, कारण अंडरस्कोर शब्दाच्या पोटात चालत नाही. `**गणपती**ला` होतं. पण `**'रांगोळी'**ची` लिहिलंत की तारे तसेच पानावर! शेवटच्या ताऱ्यांच्या आधी विरामचिन्ह आणि लगेच पुढे अक्षर आलं, तर ते बंद करणारे धरले जात नाहीत. अवतरणचिन्हं बाहेर काढा: `'**रांगोळी**'ची`. यावर माझी एक अख्खी दुपार गेली.

कार्यकर्ते फोनवरून वेळा पाठवतात त्या 7:30 अशा. त्या हाताने कोण बदलत बसणार? मार्कडाउन-इटमध्ये प्रत्येक प्रकारच्या तुकड्याला दाखवण्याचा स्वतंत्र नियम असतो. 'टेक्स्ट'चा नियम बदलून त्यात इंग्रजी आकड्यांचे देवनागरी करून घ्या. लिंकचा पत्ता त्या नियमाकडे जातच नाही, म्हणून तो बिघडत नाही.

महत्त्वाच्या सूचना चौकटीत दाखवायला ते कंटेनर प्लगिन कामी येतं. कंटेनरला 'सूचना' हे नाव द्या. मग `::: सूचना` अशी ओळ, खाली मजकूर, आणि शेवटी नुसतं `:::`. एवढ्यावर 'सूचना' वर्गाची (सीएसएसमध्ये ओळखायचं नाव) चौकट तयार. तिचा रंग सीएसएसमध्ये ठरवा, आमचा पिवळा आहे. शेवटचं `:::` मात्र विसरू नका, नाहीतर चौकट पानाच्या तळापर्यंत जाते. आमच्याकडे विसर्जनापासून वर्गणीदारांच्या यादीपर्यंत सगळं पान एक दिवस सूचनाच होतं.