बरडावर गवत उगवेना तेव्हा

साक्री तालुक्यातल्या आमच्या बरडावर पाभरीनं (पेरणीच्या अवजारानं) खोल पेरलेलं मारवेल आणि अंजन गवत जवळजवळ उगवलंच नाही. बांधावर सांडलेलं बी मात्र तरारलेलं! ज्वारीचा दाणा 5 सेंटिमीटर खोलीवरूनही वर येतो, कारण त्याच्या पोटात शिदोरी मोठी. गवताच्या बारीक बियाची शिदोरी कोंब उजेडात पोचण्याआधीच संपते.

पुढच्या मृगात पाभर बाजूला ठेवली. आधी बी सुपात पाखडलं. गवताच्या बियात पोकळ कुसळंच फार; ती उडाली, भरलेले दाणे उरले. एकाच जातीतही टपोऱ्या दाण्याचं रोप लवकर जोर धरतं, आणि आमच्याकडे पाऊस दडी मारतो (मारतोच!) तेव्हा सहसा तेच तगतं. अंजनाचं बी मुद्दाम मागच्या वर्षीचं घेतलं. ताजं बी काही महिने झोपलेलंच असतं. ओलसर माती आणि शेणखत चोळून बी जड केलं, नाहीतर वारा नेतो. मग हातानं फोकून वरून बाभळीची फांदी ओढली. सेंटिमीटरभर माती पुरे.

पहिलं वर्ष चराई बंद. मेंढ्या घेऊन येणाऱ्या ठेलारी मंडळींना हे पटवणं पेरणीपेक्षा अवघड गेलं. आता खोलगट भागात मारवेल दाट आहे, मुरमाड कडेला अंजन.