प्रकल्पाच्या वेळापत्रकात कामांच्या डिपेंडन्सी कशा लावाव्यात

नवे वेळापत्रक हाती घेतले की कामांची यादी करायची आणि प्रत्येक कामासमोर सुरुवातीची व शेवटची तारीख भरायची, ही सवय बहुतेकांना स्प्रेडशीटमुळे लागलेली असते. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट किंवा प्रायमाव्हेरा यांसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हीच सवय नडते. इथे काम किती दिवसांचे आहे आणि ते कशासाठी अडून आहे, एवढेच सांगायचे असते. तारीख सॉफ्टवेअरने काढायची असते. काम कशासाठी अडून आहे, याचे उत्तर म्हणजेच डिपेंडन्सी.

म्हणून लिंक, म्हणजे दोन कामांमधली जोडणी, लावायला बसण्यापूर्वी, ते काम प्रत्यक्ष करणाऱ्या माणसाला एकच प्रश्न विचारावा: हे काम उद्या सकाळी सुरू करायला सांगितले, तर काय हाताशी नसल्यामुळे तुम्ही थांबाल? त्याने जी नावे घेतली, ती त्या कामाची पूर्ववर्ती कामे, म्हणजे प्रिडेसेसर. यादीत एखादे काम वरच्या ओळीत आहे म्हणून ते खालच्या कामाचे प्रिडेसेसर ठरत नाही. साऱ्या ओळी एकदम निवडून लिंकचे बटण दाबले, की वरपासून खालपर्यंत एक नीटनेटकी साखळी तयार होते आणि जी कामे एकाच वेळी चालू शकली असती, तीही एकामागे एक रांगेत उभी राहतात. चित्र देखणे दिसते, पण प्रकल्प विनाकारण लांबतो.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट वापरत असाल तर आणखी एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. २०१० च्या आवृत्तीपासून नवे काम मुळात ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ म्हणून नोंदले जाते आणि अशा कामाच्या तारखा सॉफ्टवेअर स्वतःहून हलवत नाही. सर्व कामे ‘ऑटो शेड्यूल्ड’ करावीत आणि नव्या कामांसाठीही तोच पर्याय ठरवून ठेवावा. त्यानंतर दोन ओळी क्रमाने निवडून कंट्रोल आणि एफ२ दाबले, किंवा ‘प्रिडेसेसर्स’ स्तंभात आधीच्या कामाचा ओळ-क्रमांक लिहिला, की लिंक लागते.

लिंकचे चार प्रकार आहेत. आधीचे काम संपल्यावर पुढचे सुरू होते, ती फिनिश-टू-स्टार्ट किंवा एफएस. काही वेगळे सांगितले नाही तर सॉफ्टवेअर हाच प्रकार धरते आणि बहुतेक ठिकाणी तोच योग्य असतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याची कंत्राटांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने वेळापत्रके तपासण्यासाठी १४ निकष ठरवले, त्यांतही किमान ९० टक्के लिंक एफएस असाव्यात अशी अपेक्षा आहे. एक सुरू झाल्यावर दुसरे सुरू होते, ती स्टार्ट-टू-स्टार्ट किंवा एसएस. एक संपल्यावरच दुसरे संपू शकते, ती फिनिश-टू-फिनिश किंवा एफएफ. चौथा प्रकार स्टार्ट-टू-फिनिश किंवा एसएफ क्वचितच लागतो: नवी संगणक-प्रणाली सुरू झाल्याखेरीज जुनी चालवणे थांबवता येत नाही, अशा जागी तो शोभतो. एरवी तो दिसला तर बहुधा लिंक उलटी लागलेली असते.

खरी अडचण एसएस लिंकमध्ये आहे, आणि तिथे जरा थांबले पाहिजे. समजा, चर खोदण्याचे काम १० दिवसांचे आहे आणि त्यात पाइप टाकण्याचे ८ दिवसांचे. खोदाई सुरू झाल्यावर ३ दिवसांनी पाइप टाकायला घेता येतात, म्हणून आपण एसएस अधिक ३ दिवस अशी लिंक लावतो. पाइपचे काम चौथ्या दिवशी सुरू होते, अकराव्या दिवशी संपते. सगळे ठीक दिसते. मग पाचव्या दिवशी खडक लागतो आणि खोदाई १६ दिवसांवर जाते. पाइपचे काम मात्र वेळापत्रकात अजूनही अकराव्याच दिवशी संपलेले दिसते, कारण त्याची गाठ फक्त खोदाईच्या सुरुवातीशी बांधलेली आहे. पाच दिवस पाइप हवेत लटकलेले असतात आणि गँट चार्टला, म्हणजे कामांच्या पट्ट्या दाखवणाऱ्या तक्त्याला, त्याचा पत्ताही नसतो. प्रायमाव्हेरामध्ये याच दोन कामांत एसएसच्या जोडीला एफएफ लिंकही लावता येते आणि प्रश्न सुटतो. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये दोन कामांत एकच लिंक चालते; तिथे खोदाईचे आणि पाइपचे दोन-दोन टप्पे करून पहिल्या टप्प्याला पहिला आणि दुसऱ्याला दुसरा साध्या एफएसने जोडावा. त्याखेरीज पहिल्या टप्प्याची खोदाई दुसऱ्या टप्प्याच्या खोदाईला जोडावी आणि पाइपचेही तसेच करावे. ओळी वाढतात हे खरे, पण प्रत्यक्षात कामही तसेच टप्प्याटप्प्याने चालते.

दोन कामांमध्ये जो थांबण्याचा काळ असतो त्याला लॅग म्हणतात आणि त्याचे दिवस कोणते मोजायचे, याकडे हमखास दुर्लक्ष होते. शुक्रवारी संध्याकाळी स्लॅब भरून झाला आणि सेंटरिंग, म्हणजे स्लॅबखालचा तात्पुरता आधार, काढण्याआधी ७ दिवस थांबायला अभियंत्याने सांगितले आहे, असे धरू. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या कॅलेंडरवर ७ दिवसांचा साधा लॅग दिला, तर सॉफ्टवेअर कामाचे ७ दिवस मोजते आणि सेंटरिंग काढणे पुढच्याच्या पुढच्या आठवड्यातल्या बुधवारवर ढकलते. काँक्रीट मात्र रविवारची सुट्टी घेत नाही. ‘इलॅप्स्ड’ दिवस दिले तर घड्याळाचे सलग ७ दिवस मोजले जातात, ते पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी भरतात आणि काम सोमवारी सुरू होते. फरक कामाच्या २ दिवसांचा पडला, तोही एकाच स्लॅबला. माझे मत विचाराल तर, अशा ठिकाणी लॅगऐवजी ‘क्युरिंग’ या नावाचे स्वतंत्र काम घालून त्याला ७ इलॅप्स्ड दिवस द्यावेत. लॅग लिंकच्या पोटात दडलेला असतो. वेगळे काम पट्टीच्या रूपात सर्वांच्या डोळ्यांसमोर राहते आणि त्याबद्दल प्रश्न विचारता येतो.

उणे लॅग, म्हणजे लीड, शक्यतो वापरूच नये. ‘आधीचे काम संपण्याच्या दोन दिवस आधी पुढचे सुरू करा’ असे म्हणणाऱ्याला ते काम कधी संपणार हे आधीच ठाऊक असावे लागते. शेवटच्या दोन दिवसांआधी जो भाग पूर्ण होतो, तो वेगळे काम म्हणून लिहावा आणि त्याला पुढचे काम जोडावे.

लिंक बरोबर असूनही वेळापत्रक हलत नसेल, तर दोष बहुधा कन्स्ट्रेंटचा, म्हणजे तारखेच्या बंधनाचा, असतो. ऑटो शेड्यूल्ड कामाच्या ‘स्टार्ट’ स्तंभात तारीख टाइप केली, की मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट त्या कामावर ‘या तारखेच्या आधी सुरू करू नये’ असे बंधन न विचारता घालते. खूण म्हणून इंडिकेटरच्या स्तंभात एक छोटे कॅलेंडर तेवढे उमटते. माझ्या एका प्रकल्पात आराखड्याची मंजुरी अपेक्षेपेक्षा ९ दिवस आधी मिळाली आणि तरीही शेवटची तारीख एका दिवसानेही अलीकडे आली नाही. कोणीतरी कधीकाळी बैठकीत सहज म्हणून खरेदीच्या ओळीत तारीख टाइप केली होती, एवढेच कारण निघाले. ते कोणीतरी मीच होतो. पाळायची मुदत नोंदवायची असेल तर ‘डेडलाइन’चा वेगळा रकाना आहे, तो काम जागेवर खिळवत नाही, मुदत हुकत असेल तर इशारा मात्र देतो. बाहेरून येणारी वस्तू किंवा परवानगी असेल, तर तिचा शून्य दिवसांचा माइलस्टोन, म्हणजे टप्प्याची खूण, करावा, तारखेचे बंधन त्या एकट्यावर ठेवावे आणि पुढची कामे त्याला जोडावीत.

एकच माणूस दोन्ही कामे करणार आहे म्हणून त्यांना लिंक लावणे ही वेगळी बाब आहे, कारण उद्या दुसरा माणूस मिळाला तर ती लिंक खोटी ठरते. अशी लिंक लावावी लागलीच, तर कामाच्या नोंदीत तिचे कारण लिहून ठेवावे, म्हणजे ती केव्हा काढायची हे कळेल. समरी टास्कला, म्हणजे अनेक कामांच्या गटाच्या मथळ्याच्या ओळीला, लिंक लावू नये. आतले नेमके कोणते काम अडले आहे, हे त्यामुळे दिसेनासे होते. लिंक ‘सर्क्युलर’ आहे, म्हणजे फिरून त्याच कामाशी येते, असा संदेश देऊन सॉफ्टवेअरने ती नाकारली, तर बहुतेक वेळा एकाच ओळीत दोन कामे कोंबलेली असतात. आराखडा, मंजुरी आणि पुन्हा आराखडा असा फेरा असेल, तर आराखड्याचा मसुदा आणि आराखड्यातील दुरुस्ती या दोन ओळी कराव्यात.

सारे जोडून झाल्यावर आधी सुटी टोके शोधावीत: प्रकल्पाची सुरुवात आणि शेवट सोडून प्रत्येक कामाला निदान एक प्रिडेसेसर आणि एक सक्सेसर, म्हणजे त्यानंतरचे काम, असायला हवा. मग अधूनमधून एखादे काम निवडून त्याचा कालावधी मुद्दाम २० दिवसांनी वाढवावा आणि कोणकोणत्या तारखा हलल्या ते पाहावे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट बदललेले रकाने रंगवून दाखवते, त्यामुळे हे सोपे जाते. पुढची कामे हलूनही शेवटची तारीख जागेवर राहिली, तर ‘टोटल स्लॅक’चा रकाना पाहावा, तिथे कालावधी वाढवण्यापूर्वी २० किंवा अधिक दिवसांची सवड असेल तर हरकत नाही. सवड नसताना काहीच हलले नाही, तर वाटेत कुठेतरी लिंक तुटलेली आहे किंवा तारीख खिळलेली आहे. पाहून झाल्यावर कंट्रोल आणि झेड दाबून कालावधी पूर्ववत करायला विसरू नये.

काम सुरू झाल्यानंतर दर आठवड्याला प्रत्यक्ष तारखा भरताना, प्रिडेसेसर अपुरा असतानाच पुढचे काम सुरू झाल्याचे कधी ना कधी आढळतेच. अशा वेळी तारीख नुसती भरून पुढे जाऊ नये. काम करणाऱ्याला विचारावे. अपुऱ्या माहितीवर त्याने धोका पत्करून सुरुवात केली असेल, तर लिंक राहू द्यावी आणि तो धोका नोंदवावा. त्याला त्या प्रिडेसेसरची गरजच नव्हती असे निघाले, तर ती लिंक त्याच दिवशी काढून टाकावी.