जुन्या बाईकचा क्लच घरी उघडायचा कसा, आणि परत धड बसवायचा कसा

क्लचच्या प्लेटा झिजून संपल्या म्हणून कोणी गाडी घेऊन आलं की मी आधी लिव्हर एका बोटाने हलवून बघतो, आणि कितीतरी वेळा काम तिथेच संपतं. लिव्हरला प्ले, म्हणजे वायर ताणली जाण्याआधीची मोकळी हालचाल, अजिबात नसतो. वायर ताणून बांधलेली, म्हणजे बिचारा क्लच कायम थोडासा दाबलेलाच, मग तो घसरणार नाही तर काय करणार. आणि हे लोकांच्या डोक्यात हमखास उलटं बसलेलं असतं: वायर ताणली गेली की प्ले वाढतो, पण प्लेटा झिजल्या की प्ले कमी होतो. त्यामुळे "मागच्या वर्षीच सेट केलाय" याला काही अर्थ नाही.

लिव्हरच्या टोकाला साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तो धरा. हँडल पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे बघा, वायर चुकीच्या वाटेने नेलेली असली की एका बाजूला प्ले गायब होतो. सेट करताना लिव्हरपाशी असलेला ॲडजस्टर जवळजवळ पूर्ण आत घ्या, मोठा फरक इंजिनाकडच्या ॲडजस्टरवर काढा आणि बारीक फरक परत लिव्हरपाशी. लिव्हरमधल्या गोळ्याजवळ वायरचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी वायर बदला, तेल घालून ती जोडली जात नाही.

आता आजार कोणता ते ठरवा, कारण दोन आजार एकमेकांच्या उलटे आहेत आणि लोक दोन्हीला एकच औषध देतात. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस दिली, आवाज वाढला पण गाडी तेवढीच, म्हणजे क्लच घसरतोय. लिव्हर पूर्ण दाबूनही गाडी पुढे ओढते, उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, पहिला गिअर खाडकन पडतो, म्हणजे क्लच सुटत नाहीये. सकाळी गार इंजिनात पहिला गिअर आवाज करतो तो मात्र आजार नाही, रात्रभर तेलात प्लेटा एकमेकींना चिकटतात. लिव्हर दाबून दोन-तीन किका मारा, सुटतात.

घसरत असेल तर उघडण्याआधी तेल कुठलं घातलंय ते आठवा. बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, आणि घर्षण कमी करणारी द्रव्यं असलेलं कारचं तेल त्यात घातलं की प्लेटा पकडच घेत नाहीत. डब्यावर जासो एमए किंवा एमए-टू (तेलात बुडालेल्या क्लचसाठीचा दर्जा) असं लिहिलेलं तेल घ्या. तेल "महागातलं" आहे हा युक्तिवाद मला सांगू नका, प्लेटांना किंमत वाचता येत नाही.

एवढं करूनही फरक नाही, मग उघडा. तेल काढा, किक आणि वायर सोडवा, कव्हरचे बोल्ट काढताना कुठला लांब कुठला आखूड ते पुठ्ठ्यावर भोकं पाडून त्यात खोचून ठेवा. स्प्रिंगचे बोल्ट समोरासमोर, थोडे थोडे सोडा. काही इंजिनांत प्रेशर प्लेट (स्प्रिंगच्या जोराने बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी) बाहेरच्या बाजूला असते आणि प्लेटा लगेच हातात येतात, काहींत ती मागे असते आणि मधलं सर्क्लिप (खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी) किंवा खाचांचा नट काढावा लागतो. त्या नटाला खास दातांचा सॉकेट मिळतो. छिन्नी आणि हातोडी लावणाऱ्यांना माझा दंडवत, पण माझ्या गाडीपासून लांब.

प्लेटा निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवा. घर्षणाच्या प्लेटांची जाडी व्हर्निअरने मोजून मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा, डोळ्याने अंदाज करू नका, करपल्याचा वास येत असेल तर मोजायचीही गरज नाही. लोखंडी प्लेटा काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून खालून फिलर गेज (ठरावीक जाडीची पातळ पट्टी) सरकवा, ती वाकली असेल तर लगेच कळतं, बहुतेक ठिकाणी 0.2 मिलिमीटरच्या आसपास मर्यादा असते. निळ्या पडल्या असतील तर त्या तापून गेल्यात. स्प्रिंगची लांबी मोजा, थकलेली स्प्रिंग आखूड होते. बदलायच्या तर सगळ्या एकदम. स्प्रिंगखाली वॉशर टाकून "टाईट" करायचा सल्ला देणारा प्रत्येक नाक्यावर एक असतो, त्याने लिव्हर दगडासारखी होते, वायर तुटते, आणि स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले तर क्लच सुटायचाच बंद होतो. क्लच सुटत नसल्याची तक्रार असेल तर हाउसिंगच्या, म्हणजे प्लेटा ज्या डब्यात बसतात त्याच्या, बोटांवर प्लेटांच्या कानांनी (कडेला बाहेर आलेल्या टोकांनी) पाडलेल्या खाचा बघा, प्लेट त्यात अडकते. उथळ खाच कानशीने हलकेच सपाट करता येते, पण चुरा इंजिनात जाता कामा नये. खोल असेल तर हाउसिंग बदला.

नव्या प्लेटा बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. कोरड्या टाकल्या तर पहिल्याच फेरीत जळू शकतात.

आता जिथे मी स्वतः तोंडावर पडलो ती जागा. प्लेटा रचणं कोणालाही जमतं: एक घर्षणाची, एक लोखंडी, बहुतेक गाड्यांत सुरुवात आणि शेवट घर्षणाच्या प्लेटेने, काहींत शेवटच्या प्लेटेचे कान बाजूच्या वेगळ्या आखूड खाचांत बसतात म्हणून काढतानाच नीट बघून ठेवा. घोळ होतो तो त्यानंतर, प्रेशर प्लेट बसवताना. तिच्यावर दाते किंवा खाचा असतात, त्या हबच्या (प्लेटांच्या मधोमध बसणाऱ्या भागाच्या) दात्यांत उतरायला हव्यात. नाही उतरल्या तर दात्यावर दाता बसतो, वरून सगळं छान दिसतं, बोल्ट जातात, स्प्रिंगा दबतात, आणि आत प्लेटांना पकड शून्य. मी हेच केलं. पॅकिंग लावलं, कव्हर लावलं, तेल भरलं, किक मारली तर किक रिकामी पडली, कारण त्या गाडीत किकची ताकद क्लचमधूनच जायची. शहाण्या माणसाने सगळं काढून परत बघितलं असतं. मी कव्हर उघडलं आणि बोल्ट ढिले राहिलेत असं ठरवून लांब पान्याने अजून एक वेढा दिला. "कट" असा बारीक आवाज आला. बोल्ट ज्या खांबात जातो तो अल्युमिनियमचा असतो, तो मुळातून तडकला. प्लेटा नव्या कोऱ्या, आणि वर खांबवाला भाग नवीन आणायची वेळ, तीही जुन्या गाडीचा, जो शोधण्यातच अर्धा महिना गेला.

म्हणून आता मी असं करतो. स्प्रिंगा न लावता आधी प्रेशर प्लेट नुसत्या हाताने दाबून हळूहळू फिरवतो. एका जागी ती टक्कन आत उतरते, हे बोटांना कळतं, कानाला नाही. उतरल्यावर ती एकटी फिरता कामा नये, फिरवली की हबसकट फिरली पाहिजे, आणि चारी बाजूंनी फट सारखी दिसली पाहिजे. एका बाजूला जरी वर राहिली असेल तरी परत काढा, बोल्टच्या जोरावर खाली ओढू हा विचार मनातही आणू नका. मग स्प्रिंगा, मग सगळे बोल्ट नुसते बोटांनी, मग गाडी गिअरमध्ये टाकून मागचा ब्रेक कोणालातरी दाबायला लावून समोरासमोर अर्धा-अर्धा वेढा. बोल्ट खांबाला टेकला की पाना एकदम कडक लागतो, तिथेच थांबायचं. हे बहुतेक 6 मिलिमीटरचे बोल्ट असतात, साधारण 10 न्यूटन मीटर त्यांना पुष्कळ झालं. टॉर्क पाना नसेल तर छोटा टी-पाना वापरा आणि मनगटाने फिरवा, खांद्याने नाही. स्प्रिंगचा ताण बोल्ट जास्त आवळल्याने वाढत नाही, बोल्ट टेकला की स्प्रिंग जेवढी दबायची तेवढी दबलेली असते, हे मला खांब तुटल्यावर कळलं.

आणि कव्हर लावायच्या आधी शेवटची परीक्षा: नखाने घर्षणाच्या प्रत्येक प्लेटेचा कान हलवून बघा. खाचेत थोडी हालचाल असते, पण ती सगळ्या प्लेटांची एकत्र व्हायला हवी. एखादी प्लेट एकटीच खुळखुळत असेल तर पकड बसलेली नाही, सगळं सोडा आणि पुन्हा. दहा मिनिटं जातात. कव्हर लावल्यावर कळलं तर तेल, पॅकिंग, अख्खी दुपार.

बाकी सोपं. जुनं पॅकिंग अल्युमिनियमला ओरखडा न पाडता खरवडा, नवीन लावा, डॉवेल (कव्हर नेमकं जागेवर बसवणाऱ्या छोट्या पिना) जागेवर आहेत ना बघा, कव्हर समोरासमोर आवळा, तेल भरा, प्ले पुन्हा पहिल्यापासून सेट करा कारण नव्या जाड प्लेटांनी तो बदललेला असणार. पहिले काही दिवस हाफ क्लचवर गाडी चालवू नका, आणि दोनशे-तीनशे किलोमीटर झाले की प्ले परत एकदा बघा, प्लेटा बसतात तसा तो थोडा कमी झालेला असतो.