ऐकायला जाताय? मग या चुका टाळा

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे किंवा पेशंटबरोबर गावाहून आलेल्या नातेवाइकांपाशी तासभर बसायचं, त्यांचं ऐकायचं, एवढंच आमचं काम. कुणी ठाण्यात पाचपाखाडी, वर्तकनगरला जातं, कुणी खारघरला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या परिसरात. नवी मुलंमुली उत्साहानं येतात आणि त्याच त्या चुका करतात. दरवेळी तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढते.

‘रविवारी नक्की येतो’

याहून वाईट चूक माझ्या पाहण्यात नाही.

पाचपाखाडीत एक काका आहेत, ऐंशीच्या पुढचे, रेल्वेतून रिटायर झालेले. ऐकू कमी येतं. कानाचं मशीन एरवी डबीत असतं, कारण सेल पुरवून वापरतात. त्या बारक्या सेलवर एक स्टिकर असतं. ते सोललं की आत हवा शिरते आणि सेल चालू होतो. मग मशीन वापरा नाहीतर ठेवून द्या, तो उतरतच जातो. स्टिकर परत चिकटवून फारसा उपयोग नसतो.

आमचा एक मुलगा त्यांच्याकडे जाऊन आला. गप्पा छान रंगल्या. निघताना दारात चपला घालता घालता म्हणाला, "काका, रविवारी पाचला येतो." रविवारी काकांनी चारलाच नवा सेल काढला. खाली वॉचमनला फोन करून मुलाचं नाव सांगून ठेवलं. कामाच्या बाईंना चहासाठी थांबवून घेतलं. साडेसातला मशीन काढून डबीत ठेवलं. मुलाचा मेसेज आला रात्री: मेगाब्लॉक होता. अरे, मेगाब्लॉक आधी जाहीर होतो! आणि काकांना मेसेज वाचता येत नाहीत, हे त्याला माहीत होतं. पुढे मी गेले तर काका दारातच म्हणाले, "तुम्ही कशाला त्रास घेता? मला हल्ली बोलावंसं वाटत नाही." ते पुन्हा मोकळे व्हायला अख्खा पावसाळा गेला.

माझी सवय सांगते. दारात उभं राहून मी कधीच तारीख देत नाही. "उद्या बघून फोन करते" म्हणते आणि दुसऱ्या दिवशी फोन करते. महिन्यातून एकदाच जमणार असेल तर तेवढंच सांगा, पहिला शनिवार म्हटलं की पहिला शनिवार. अडचण आलीच तर त्यांची तयारी सुरू व्हायच्या आत फोन करा. पहिल्याच दिवशी "मी दर आठवड्याला येईन" म्हणणाऱ्यांना मी मुद्दाम कमी घरं देते. हा उत्साह परीक्षा आली, नोकरी बदलली की आटतो, आणि भोगतं दुसरंच कुणीतरी.

लगेच तोडगा काढणं

खारघरला एक बाई भेटल्या, यवतमाळकडच्या. नवऱ्याची केमो चालू होती. सांगत होत्या, "म्हैस विकली हो. दुभती होती." आमच्या मुलीनं तिथेच मोबाइल काढला आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेची माहिती सुरू केली: रेशन कार्ड आहे का, आधार आहे का. बाई "हो, हो" करत राहिल्या. त्यांचे कागद कधीच झाले होते, ते त्यांनी बिचारीनं सांगितलंही नाही. मुलगी पाणी आणायला उठली तेव्हा मी विचारलं, "म्हशीचं नाव काय होतं?" मग त्या बोलायला लागल्या. चंद्री. विकत घेणाऱ्याच्या गोठ्यातून दोनदा दावं तोडून परत आली होती. नवऱ्याला हे अजून सांगितलं नव्हतं.

माहिती द्यायची नाही असं नाही. पण त्यांनी विचारल्यावर, किंवा तास संपत आल्यावर "याबद्दल काही हवंय का?" असं विचारून. काढे, उपास, ओळखीचे वैद्य यातलं काहीही सुचवायचं नाही. "माझ्या मावशीचंही अस्संच झालं होतं" हेही नको. मग पुढची वीस मिनिटं मावशीच चालते.

बाकीच्या चुका थोडक्यात. फोन बॅगेत ठेवा, टेबलावर पालथासुद्धा नको. सेल्फी काढून स्टेटसला टाकणारे मला पुन्हा दिसू नयेत. कमी ऐकू येणाऱ्यांसमोर खिडकीकडे पाठ करून बसू नका. तुमचा चेहरा अंधारात जातो, ओठ दिसत नाहीत. सरसकट आजी-आजोबा म्हणू नका, काहींना ते आवडत नाही, विचारून घ्या. उसने पैसे देऊ नका, घेऊ तर नकाच. तीच गोष्ट चौथ्यांदा सांगितली तरी "हे सांगितलंत मागे" म्हणू नका. चौथ्या वेळी कधीकधी त्यात नवं माणूस येतं.

‘असं बोलू नये, काकू’

"आता देवानं उचलावं" हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळणारच. नवी मुलं घाबरतात आणि विषय बदलतात, किंवा "अजून नातवाचं लग्न बघायचंय" म्हणून हसवायला जातात. गप्प करू नका. शांतपणे विचारा, "फार थकलात का? जीव द्यावा असं मनात येतं का?" असं विचारल्यानं नसलेला विचार डोक्यात शिरत नाही, असलेला बोलता येतो. बहुतेकदा उत्तर गुडघ्यांचं, एकटेपणाचं, सुनेच्या अबोल्याचं असतं, ते ऐका. पण कुणी म्हणालं की झोपेच्या गोळ्या साठवून ठेवल्यात, तर ते आपल्यापाशी ठेवायचं नाही. म्हणूनच "कुणाला सांगणार नाही" असं वचन आधी कधीच देऊ नका. घरचं माणूस किंवा शेजारी बोलवा, आम्हाला कळवा. 14416 हा सरकारचा टेली मानस, म्हणजे मानसिक मदतीचा क्रमांक आहे, फोन फुकट, रात्रंदिवस चालू, मराठीत बोलता येतं. तो त्यांच्यासमोर बसून, त्यांना सांगून लावा. आणि दुसरं कुणी येऊन बसेपर्यंत तिथून हलू नका, शेवटची लोकल चुकली तरी.