गाडी ओढत नाही, तेव्हा कार्ब्युरेटरला हात लावण्याआधी

आमच्या निपाणी भागात जुन्या गाडीची खरी परीक्षा तवंदीच्या घाटात होते. सपाटीला पन्नासच्या वेगानं सुखानं जाणारी स्प्लेंडर, मागं पेंडीचं पोतं असलं की चढाला तिसऱ्या गिअरमध्ये दम टाकते, दुसऱ्यात टाकली की नुसती गुरगुरते. दुसऱ्या दिवशी सकाळी मालक दारात. मराठी गिऱ्हाईक म्हणतो, "वढंना झालीया." कन्नड गिऱ्हाईक म्हणतो, "पिकअप इल्ल." या एका तक्रारीपायी धंद्याच्या तिसऱ्या वर्षी मी पाच आठवडे आणि एका गरीब माणसाचे पैसे वाया घालवले. आयटीआय करून नुकते बाहेर पडलेले किंवा कुणाच्या हाताखाली वर्ष-दोन वर्षं काढून आता स्वतः पाना धरणारे जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कार्ब्युरेटर कसा खोलायचा, प्लगचा रंग कसा बघायचा हे तुम्हाला येतं असं धरतो.

"पिकअप नाही" हे ऐकून लगेच पाना उचलू नका. आधी विचारा. गार असताना ओढते का? गरम झाल्यावर बिघडते का? सपाटीला बरी आणि चढालाच वाईट, की सगळीकडेच? रेस वाढते पण गाडी पुढं जात नाही, की रेसच वाढत नाही? रेस वाढून गाडी जागेवर असेल तर तो क्लच आहे, इंजिनचा दोष नाही. आणि शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा: या आधी गाडीचं शेवटचं काम काय झालं होतं? हा प्रश्न मी विचारला नाही, कारण ते काम मीच केलं होतं.

मग गाडी मधल्या स्टँडवर घ्या आणि मागचं चाक हातानं फिरवा. ब्रेक लायनर चिकटून राहिलेले, चेन जादा ताणलेली, बेअरिंग गेलेलं, यातलं काहीही कमी वेगातली ताकद खातं. पाच किलोमीटर चालवून ड्रमला हात लावा, चटका बसला तर दोष तिथंच. एअर फिल्टर बघा. चोकची पट्टी पूर्ण उघडते का बघा. याला दहा मिनिटं लागतात, पण गिऱ्हाइकाला हे काम वाटत नाही आणि म्हणून आपणही टाळतो. टाळू नका.

कार्ब्युरेटरबद्दल एवढंच डोक्यात पक्कं ठेवा की कमी रेसला पेट्रोल येतं ते स्लो जेटमधून (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोकाचं नळकं) आणि थ्रॉटलच्या कडेजवळच्या बारीक भोकांतून. नीडल नंतर कामाला येते, मेन जेट तर मूठ जवळजवळ पूर्ण पिळल्यावर. कमी वेगात ओढत नाही म्हणून मेन जेट मोठा घालणारे मिस्त्री आहेत, त्यांच्याकडून दुसरं काही शिका, हे शिकू नका. जेटमध्ये क्लच केबलची स्टीलची तार घालू नका. जेट पितळेचा असतो, भोक वाढतं आणि वाढलेलं भोक परत लहान होत नाही. क्लीनर आणि हवेचा दाब पुरतो. पावसाळ्यात फ्लोटच्या वाटीत पाणी सापडतं, आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांचे रबरी वायसर आणि ओ-रिंग फुगून आलेल्या मी पुष्कळ बघितल्यात. कार्ब्युरेटर आणि हेड यांच्या मधल्या बेकलाईटची ओ-रिंग चपटी झाली की तिथून फुकटची हवा आत जाते आणि नेमकी कमी रेसलाच गाडी हिसके देते. चालू इंजिनवर त्या सांध्यावर पाण्याची बारीक फवारणी करा. रेस बदलली तर सांधा गळतोय. पेट्रोल शिंपडून बघणारे वस्ताद मी बघितलेत. तुम्ही तसं करू नका, आग लागते.

आता माझी गोष्ट. तवंदीच्या वरच्या अंगाचे एक दूधवाले मामा. सकाळी निपाणीत दूध घालायचं आणि परत जाताना पेंडीचं पोतं घेऊन घाट चढायचा, हा त्यांचा रोजचा नेम. गाडी केए-२३ पासिंगची जुनी स्प्लेंडर, ९७.२ सीसीची, नेमानं ऑइल बदललेली. त्यांची तक्रार ऐकून मी कार्ब्युरेटर साफ केला. चार दिवस बरं वाटलं, निदान मामा तसं म्हणाले. परत आले. स्लो जेट बदलला. परत आले. प्लग बदलला, एअर फिल्टर बदलला, ओ-रिंग बदलली, शेवटी नवा कार्ब्युरेटरच घातला. मग क्लच प्लेटा. प्रत्येक वेळी गार इंजिनवर गॅरेजपासून चौकापर्यंत फेरी मारायचो, गाडी छान ओढायची आणि मी त्यांना म्हणायचो, "मामा, आता बघा." मामा एकदाही रागावले नाहीत. फक्त पाचव्या खेपेला खिशातून पैसे काढताना त्यांनी नोटा दोनदा मोजल्या. ते मोजणं मला अजून दिसतं.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा गाडी घाट चढवून आणली. खाली येऊन इंजिन गरम असतानाच बंद केलं आणि किक पायानं न मारता हातानं दाबली. सकाळी गार असताना ती किक हाताला चांगली अडली होती, अंग टाकावं लागलं होतं. आता ती मऊ लोण्यासारखी खाली गेली आणि सायलेन्सरमधून "फुस्स" असा बारीक आवाज आला. मी परत दाबली. परत तोच आवाज. कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टननं दाबलेल्या हवेचा दाब, धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्वमधून निघून जात होतं. याआधी मी गेज लावून कॉम्प्रेशन मोजलं होतं, पण गार इंजिनवर. आकडा बरा आला आणि मी तो विषय मनातून काढून टाकला होता.

झाकण उघडून फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच, लावला. एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्वचा दांडा आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यामधल्या फटीत, सगळ्यात बारीक पातंसुद्धा जाईना. तेव्हा आठवलं. दोन-अडीच महिन्यांपूर्वी मामांनी म्हटलं होतं, "वरनं टकटक आवाज येतोय बघ." मी झाकण काढलं, पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेतला, कानानं ऐकत ऐकत टॅपेट आवळले, आवाज बंद झाला, मामा खूश, मी खूश. पाच आठवडे ज्या दोषाच्या मागं मी धावत होतो तो माझ्या हातचा होता.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या शंभर सीसीच्या बऱ्याच जुन्या गाड्यांचं मरण यात आहे. गिऱ्हाइकाला इंजिनचा आवाज नको असतो, म्हणून आपण टॅपेट घट्ट करतो. आवाज म्हणजे फट. ती फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण चढाला जोर पडला की एक्झॉस्ट व्हॉल्व तापतो आणि त्याचा दांडा लांबतो. फट नसेल तर लांबलेला दांडा रॉकरला टेकतो आणि व्हॉल्व सीटवर पूर्ण बसतच नाही. केसाएवढी वाट राहते आणि तिथून दाब निसटतो. शिवाय व्हॉल्व आपली उष्णता सीटला टेकल्यावरच हेडला देतो. टेकलाच नाही तर तो तापत जातो, कड जळते आणि नंतर फट बरोबर करूनही गळती थांबत नाही.

मग सपाटीला पन्नासनं गाडी बरी का जाते? मला याच प्रश्नानं चकवलं होतं. दीड हजार आरपीएमला क्रँकच्या एका फेऱ्याला ४० मिलिसेकंद लागतात, म्हणजे पिस्टन खालून वर जायला २०. सहा हजारला तेच काम ५ मिलिसेकंदांत होतं. भोक तेवढंच, पण कमी रेसला दाबाला निसटायला चौपट वेळ मिळतो. भोक पडलेल्या घागरीनं पाणी आणताना पळत आलात तर निम्मं घरी पोचतं, रमतगमत आलात तर घागर रिकामी. कमी रेसला ताकद नाही, जास्त रेसला बरी, गार असताना बरी, गरम झाल्यावर वाईट: एवढं जुळलं की कार्ब्युरेटर राहू दे, आधी टॅपेट बघा.

टॅपेट गार इंजिनवरच करायचे. रात्रभर उभी असलेली गाडी सर्वांत चांगली. डाव्या बाजूची दोन झाकणं काढून मॅग्नेट, म्हणजे क्रँकच्या टोकाचं चाक, फिरवायचा आणि पिस्टन सगळ्यात वर आल्याची "टी"ची खूण जुळवायची. इथं नवीन पोरं फसतात. फोर स्ट्रोकमध्ये एका चक्राला क्रँक दोन फेरे घेतो, म्हणून "टी" दोनदा येतो. एकदा कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही रॉकर बोटानं किंचित हलतात. दुसऱ्यांदा एक्झॉस्ट संपून इनलेट सुरू होताना, तेव्हा दोन्ही व्हॉल्व थोडे दाबलेले असतात आणि रॉकर हलत नाहीत. रॉकर हलत नसतील तर अजून एक पूर्ण फेरा फिरवा. फट किती, ते तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. या जुन्या शंभर सीसी इंजिनांत ती ०.०५ ते ०.१० मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोळ्याला किंवा कानाला कळणारी गोष्ट नव्हे. पातं आत सरकवल्यावर बंद पुस्तकाच्या पानांतून चिठ्ठी ओढावी तसं किंचित अडत आलं पाहिजे. मग लॉकनट आवळा आणि परत मोजा. हे परत मोजणं सोडू नका. नट आवळताना त्याच्याबरोबर स्क्रू पाव फेरा फिरतो आणि तुमची मेहनत वाया जाते. मी आजही तीन वेळा मोजतो.

बुलेटला हा नियम लावू नका. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये गार असताना फट ठेवत नाहीत. पुशरॉड, म्हणजे रॉकरला खालून ढकलणारी दांडी, बोटानं सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. आणि आरएक्स १०० घेऊन कुणी आलं तर तिला टॅपेटच नाहीत, ती टू स्ट्रोक आहे. तिथं सायलेन्सरमध्ये जमलेला कार्बन आणि क्रँकचे ऑइल सील बघा.

कॉम्प्रेशन कमी आलं तर लगेच हेड उतरवू नका. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा वाढला तर दोष पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्वचा. किक हळू दाबताना कान लावा: सायलेन्सरमध्ये फुस्स झालं तर एक्झॉस्ट, कार्ब्युरेटरकडे झालं तर इनलेट, इंजिनच्या ब्रीदरमध्ये (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीत) झालं तर रिंगा. गेज वापरताना मूठ पूर्ण पिळून धरा, नाहीतर सिलिंडरला पुरती हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं.

वस्ताद कोण करावा, याबद्दल माझं मत पक्कं आहे. ज्याच्या हत्यारांच्या पेटीत फिलर गेज नाही, किंवा आहे पण त्याच्यावर गंज चढलाय, त्याच्याकडून टॅपेट शिकू नका, मग तो तीस वर्षं काम करत असो. माझे वस्ताद कानानं करायचे आणि त्यांचं बऱ्याचदा जमायचंही, कारण त्यांच्या कानामागं हजारो इंजिनं होती. मी त्यांचा कान घेतला, त्यांची इंजिनं माझ्याकडे नव्हती. यात त्यांचा दोष धरत नाही. मोबाईलवरचे व्हिडिओ बघा, पण जो माणूस व्हिडिओत "पाच मिनिटांत पिकअप वाढवा" म्हणतो तो बंद करा.

आणि भाषेची धास्ती घेऊ नका. मी मराठी शाळेत शिकलो. आयटीआयत कन्नड आणि इंग्रजी ऐकून पहिले सहा महिने वहीत काय लिहितोय तेच कळत नव्हतं. रोज रात्री मॅन्युअलचं एक पान डिक्शनरी घेऊन लावायचो. चित्रं सगळ्या भाषांत सारखीच असतात. सहा महिन्यांत वाचता यायला लागतं, खात्रीनं सांगतो. पण जे वाचलं नाही ते आपल्याला येतं असं गिऱ्हाइकासमोर दाखवू नका. त्याची किंमत तो भरतो.

मामांच्या गाडीची फट बरोबर केली तर थोडा जोर आला, सगळा नाही. हेड उतरवलं. एक्झॉस्ट व्हॉल्वच्या कडेला एका बाजूला तांबूस करपलेला पट्टा आणि सीटवर बारीक खड्डे. बेळगावला उद्यमबागेत लेथवाल्याकडे सीट कापून घेतली, नवा व्हॉल्व पेस्ट लावून हातानं घासला, पोर्टमध्ये रॉकेल भरून अर्धा तास ठेवलं. एक थेंब झिरपला नाही. मामांना मी खरं काय झालं ते सांगितलं आणि कार्ब्युरेटरचे आणि क्लचचे पैसे परत पुढं केले. त्यांनी कार्ब्युरेटरचे घेतले, क्लचचे घेतले नाहीत. "प्लेटा जुन्याच झालत्या की," म्हणाले.

पाचशे किलोमीटरनंतर मी त्यांना पहाटे बोलावलं, गाडी गार असताना फट मोजायला. मोजून झाकण लावलं, गाडी चालू केली. वरून बारीक टिकटिक येत होती. मामांनी मान वाकडी करून ऐकलं.

"आवाज येतोय की रं."

"येऊ दे मामा," मी म्हटलं. त्यांनी पोतं बांधलं आणि घाटाकडे निघाले.