पीसीपी रायफलचा रेग्युलेटर: कोणता घ्यावा, किती बारवर बसवावा

पीसीपी म्हणजे आधीच दाबाने हवा भरून ठेवलेली एअर रायफल, आणि रेग्युलेटर म्हणजे तिच्यातला दाब एकसारखा ठेवणारा भाग. तो जोर वाढवायला बसवत नाहीत. प्रत्येक छर्रा सारख्याच वेगाने सुटावा म्हणून बसवतात. हे पटलं असेल तरच पुढचं वाचा. खानापूर, निपाणी, हुक्केरीकडची पोरं रायफल घेऊन येतात आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मामा, जरा जोर वाढवून द्या की." मी देत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे छर्रा सुटतो त्या नळीचा व्यास ४.५ मिमीपेक्षा मोठा असेल किंवा ऊर्जा २० ज्यूलच्या वर गेली, तर एअर रायफललाही परवाना लागतो. ०.५४७ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २७० मीटर गेला की जवळपास २० ज्यूल भरतात. शिवाय पीसीपीत वजनदार छर्रा घातला की वेग कमी होतो, पण ऊर्जा बहुधा वाढते. हलक्या छर्‍यावर काठाला लावून ठेवलेली रायफल जड छर्‍यावर कायद्याबाहेर जाते. म्हणून मी याच ०.५४७ ग्रॅमच्या छर्‍यावर सेकंदाला २४५ ते २५० मीटरवर थांबतो, म्हणजे साधारण १६-१७ ज्यूल. कागदावर, पत्र्याच्या टार्गेटवर एवढं भरपूर झालं. पाखरं मारायची असतील तर माझ्याकडे येऊच नका.

दहा मीटर स्पर्धेच्या रायफलींना हा लेख लागू नाही. त्यांच्यात रेग्युलेटर कारखान्यातूनच येतो, वेग सेकंदाला १७०-१७५ मीटरच्या आसपास असतो. त्यांना हात लावू नका.

रेग्युलेटर नसलेल्या पीसीपीत सिलिंडर, म्हणजे हवेची दाबाची नळी, २०० बार (बार हे दाबाचं माप) भरलेला असताना हवा सोडणारा व्हॉल्व्ह दाबाखाली घट्ट बसलेला असतो. ट्रिगर दाबल्यावर त्याच्यावर आदळणारा हॅमर त्याला पुरेसा उघडू शकत नाही, म्हणून पहिले छर्रे मंद जातात. दाब उतरला की वेग वाढतो, मग पुन्हा पडतो. रेग्युलेटर व्हॉल्व्हपुढे ठरावीक दाबच येऊ देतो, म्हणून ही चढउतार थांबते.

निवडताना तीन गोष्टी बघा. तो तुमच्याच मॉडेलसाठी केलेला हवा. हवेच्या नळीचा आतला व्यास 'साधारण जुळतो' हे चालत नाही. दुसरं, रेग्युलेटरच्या मधल्या पोकळीतली हवा बाहेर जायला छिद्र लागतं. ते बंद झालं आणि आतली ओ-रिंग (रबरी कडी) थोडी जरी गळाली, तर पोकळीत दाब साठतो आणि रेग्युलेटर हवं तसं काम करत नाही. तुमच्या नळीला कारखान्याचं छिद्र नसेल तर त्या छिद्राशिवाय दुसऱ्या वाटेने हवा बाहेर सोडणारा प्रकार शोधा. दाबाच्या नळीला ड्रिल लावायचं नाही. बेळगावच्या उद्यमबागेत उत्तम कारागीर आहेत, लेथवर काय वाट्टेल ते करून देतील, पण २०० बारच्या नळीला भोक पाडून द्या म्हणून त्यांना गळ घालू नका. तिसरं, रेग्युलेटर आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये हवेला जागा किती उरते ते बघा. माझा ढोबळ हिशेब ज्यूलमागे पाऊण घनसेंटीमीटर, म्हणजे १६ ज्यूलला १२. जागा कमी पडली की दाब वाढवावा लागतो आणि एका भरणीतले छर्रे घटतात.

बसवणं सोपं: हवा पूर्ण काढा, खोला, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, सरकवा, बंद करा. साधं तेल किंवा गाडीचं ग्रीस आत नको. एवढ्या दाबात ते पेट घेऊ शकतं.

आता खरं काम. रेग्युलेटरचा दाब आणि हॅमर ढकलणाऱ्या स्प्रिंगचा ताण यांची जोडी जमवायची असते, आणि इथेच बहुतेकांची गाडी अडते. मिळणारा सल्ला असतो, 'बार वाढवा, वेग वाढेल.' वाढतोही. पण २०० भरून १३० वर लावलात तर वापरायला ७० बार उरले; १०० वर लावलात तर १०० उरले. म्हणून खालून सुरुवात करा. मी १०० बारवर लावतो आणि तिथे हवा तो वेग मिळालाच नाही तरच वर जातो. रेग्युलेटरचा स्क्रू फिरवायचा तो हवा पूर्ण काढूनच. दर वेळी. कंटाळा आला तर रायफल बाजूला ठेवा, उद्या करा.

मग हॅमर स्प्रिंग. ती अगदी सैल करा, क्रोनोग्राफसमोर (छर्‍याचा वेग मोजणारं यंत्र) तीन छर्रे मारा, पाव फेरा आवळा, पुन्हा तीन. वेग भराभर वाढेल, मग वाढ मंदावेल, मग आवळूनही काही मिळणार नाही, नुसता आवाज वाढेल. ही वरची सपाटी सापडली की तिच्यापासून परत फिरा, वेग तीन ते पाच टक्के कमी होईपर्यंत. हीच जागा. इथे दाबात थोडा फरक पडला तरी वेग फारसा हलत नाही, कारण दाब वाढला तर व्हॉल्व्ह तेवढाच कमी उघडतो. सपाटीवरच ठेवून दिलेली रायफल हवा उधळते आणि उगाच कडाडते. या जागेचा वेग २५० च्या वर निघाला तर स्प्रिंग सैल करून भागवू नका; बार उतरवा आणि सगळं पुन्हा करा.

जोडी जमली की नाही हे भरणीच्या शेवटी कळतं. सिलिंडरचा दाब रेग्युलेटरच्या आकड्याखाली उतरू द्या आणि मारत राहा. वेग लगेच घसरू लागला तर स्प्रिंग जास्त आहे. आधी चांगलाच वाढून मग पडला तर स्प्रिंग कमी आहे किंवा बार जास्त आहेत. दोन-चार छर्रे तसाच राहून मग उतरला तर झालं काम.

आकडे क्रोनोग्राफचेच धरा. रायफलवरचा दाब दाखवणारा छोटा गेज पाच-दहा बार सहज चुकवतो. आणि क्रोनोग्राफ प्रकाशावर चालणारा असेल तर ट्यूब किंवा एलईडीखाली भलतंच दाखवतो. सावलीत, दिवसाच्या उजेडात ठेवा.

शेवटचा वेग लिहून ठेवा आणि रायफल भरलेलीच, छर्रा न घालता, कुलपात रात्रभर ठेवा. सकाळच्या पहिल्या छर्‍याच्या वेगात सेकंदाला तीन-चार मीटरपेक्षा जास्त फरक पडला तर रेग्युलेटरची सीट, म्हणजे हवा अडवणारी बैठक, झिरपते आहे. नवा असेल तर दोन-तीन भरण्या बसू द्या. तरी थांबलं नाही तर सीट साफ करा, आणि त्यानेही भागलं नाही तर तो रेग्युलेटर परत करा. स्प्रिंग फिरवून हा दोष झाकता येत नाही.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत पाणीच असतं, खानापूर-जांबोटीकडे तर फारच. हातपंपाने भरत असाल तर सिलिका जेलचा फिल्टर लावा, दाणे रंग बदलले की बदला, आणि दर पाच-सात मिनिटांनी पंप थंड होऊ द्या. फिल्टरशिवाय एक पावसाळा काढलेला रेग्युलेटर उघडला की सीटवर पांढरट चिकट थर दिसतो, आतल्या वॉशरच्या कडा तांबूस झालेल्या असतात. दसऱ्याच्या सुमाराला एकदा खोलून पुसा, ओ-रिंगा बदला, आणि क्रोनोग्राफवर आधी लिहून ठेवलेल्या वेगाशी ताडून बघा.